उळवीच्या बैलांचं शेण

आमच्या गोठ्यातली तिन्ही जनावरं, दोन गाई नि एक बैल, अंगावर गाठी उठून गेली. बांधाकडेला चुना-मीठ घालून पुरली. रडायलाही उसंत मिळाली न्हाई, कारण घरामागची गोबरगॅसची टाकी त्यांच्याच शेणावर चालायची आणि त्या गॅसवर माझ्या सासूचा जीव होता.

सासूला मी आत्ती म्हणायची. जन्मभर चुलीपुढं फुंकणी फुंकून त्यांची छाती पार कामातनं गेलेली. जोयड्याच्या डॉक्टरनं सांगूनच टाकलं होतं, आता धूर लागला तर म्हातारी जगायची न्हाई. म्हणून तर टाकी बांधली. पहिल्या दिवशी आत्तींनी नाक मुरडलं, "शेणाच्या जाळावरचा च्या? तूच पी बाई!" मग हळूच गोडी लागली. दिवसातनं चारदा, "जरा च्या टाक गं."

जनावरं गेल्यावरही टाकीत होतं तेवढ्यावर गॅस येत राहिला. रोज जाळ बारीक व्हायचा. शेण कुणाकडं मागणार? शेजारचे गोठेही ओसच पडलेले. सिलिंडरसाठी रामनगरला दोन खेपा मारल्या. "गाडी आली न्हाई," म्हणे. दुष्काळात तेरावा महिना! नवरा गोव्यात कामाला. फोनवर म्हणतो, "कायतरी कर की." कायतरी म्हणजे काय करू, माझं कपाळ?

एका सकाळी जाळ आलाच न्हाई. मी अंगणाच्या पार टोकाला, फणसाखाली, तीन दगड मांडून स्वयंपाक करायला लागले आणि आत्तींना दार लावून आत बसवलं. तरी वारं फिरलं की आतनं खोकला सुरू. तो खोकला ऐकत भाकरी थापायची म्हणजे काय असतं, ते माझं मला ठाऊक. देवाला शिव्या दिल्या मी. खोटं कशाला सांगू?

त्यातच उळवीची जत्रा आली. बैलगाड्या आमच्याच रस्त्यानं जातात. घुंगरं वाजली नि डोक्यात लख्ख उजेड पडला. पाटी घेऊन धावत सुटले. ओढ्याजवळ गाड्या सोडल्या होत्या. माणसं देवाला निघालेली आणि मी त्यांच्या बैलांमागं शेण गोळा करत हिंडतेय. लाज? लाज कसली, घरात म्हातारी गुदमरतेय!

एका म्हाताऱ्या गाडीवानानं विचारलं, "यव्वा, इष्ट सगणी याक?" एवढं शेण कशाला, हे सांगता सांगता कन्नडातच माझा बांध फुटला. जनावरं, टाकी, आत्तींची छाती, सगळं सांगितलं. त्यानं सोबत्यांना हाका मारल्या, एक गाडी रिकामी केली, मुक्कामाचं सगळं शेण त्यात भरलं आणि माझ्या दारात आणून ओतलं.

मी आनंदानं येडी झाले. घरामागं कोपरापर्यंत हात घालून शेणपाणी कालवत होते, ती माणसं घागरीनं पाणी ओतत होती. आत्तींकडं कुणाचं लक्ष असणार?

उळवीच्या वाटेवरचा माणूस आपल्या दारातनं कोरडा जाऊ द्यायचा न्हाई, हा आत्तींचा जन्माचा नेम. कौलांतनं धूर दिसला तशी मी तशाच हातांनी पळाले. आतली जुनी चूल पेटलेली, वर च्याचं भांडं, आणि आत्ती खांबाला धरून धापा टाकतायत.

"अवो आत्ती, काय केलंसा ह्ये!" मी ओरडलेच.

"पावण्यांस्नी..." त्यांना दम पुरेना. "च्या नगं व्हय?"

पाण्याची कळशी चुलीत उपडी केली. गाडीवानांनीच रस्त्यात आडवं होऊन एक जीप थांबवली, आत्तींना उचलून आत ठेवलं. जोयड्याला पोचेपर्यंत आत्तींनी माझा शेणानं माखलेला हात सोडला न्हाई. दवाखान्यात सोडला.

टाकीतलं शेण कुजायला वेळ लागतो. दिवसकार्य झालं, नवरा परत कामाला गेला, पावणे पांगले. फणसाखालच्या दगडांवर मी एकटीपुरतं शिजवत होते. एका सकाळी सवयीनं आत शेगडीची चावी फिरवली, काडी ओढली, आणि भप्पकन निळा जाळ उठला. मोठा, पहिल्यासारखा.

मी हरखून आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली, "आत्ती, आला बघा गॅस! च्या टाकू?"