पाळ मी पाहिली होती

परदेशातल्या शांतिसेनेच्या मिशनसाठी बटालियनमध्ये नावं मागवली, तेव्हा मी स्वतःहून नाव दिलं. माझ्यामागं नाईक देवरामनं दिलं. तो फुलचूरचा, मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. अख्ख्या बटालियनमध्ये गोंदिया जिल्ह्यातले आम्ही दोघंच. मी हवालदार, पण ड्यूटी संपली की तो मला दादा म्हणायचा आणि आमची झाडीबोली सुरू व्हायची. हे दोघं भांडताहेत की गप्पा मारताहेत, असं बाकीचे विचारायचे.

देश आफ्रिकेतला होता. नाव लिहीत नाही, कारण पुढं जे झालं त्यात तिथल्या लोकांचा काही दोष नव्हता. चार महिने कॅम्प, गस्त, जेवण, झोप. मग एका रविवारी आउटपास मिळाला. चार जण, एक गाडी, एक रेडिओ सेट. युनिफॉर्म अंगावर, संध्याकाळी पाचला परत. दुभाषे म्हणून जोसेफ मास्तर सोबत होते, तिथल्याच शाळेतून निवृत्त झालेले.

नऊला शहरात पोचलो. बाजारात वाळलेली मासळी, सायकलींचे सुटे भाग, रंगीत कापडाचे ढीग. देवराम तांदळासमोर थांबला. एक दाणा दाताखाली फोडून म्हणाला, "जुना हाये दादा. पन भात मोकळा होईन." परक्या मुलुखातही तांदूळ तपासल्याशिवाय या माणसाला चैन नाही, म्हणून मी त्याची थट्टा केली.

तेवढ्यात वरच्या अंगाला तलाव दिसला आणि थट्टा माझ्यावरच उलटली. आम्ही कोहळी. आमच्या पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधले. तलाव दिसला की त्याची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा बांध, पाहिल्याशिवाय आमचा पाय पुढं निघत नाही.

साडेनऊ वाजले होते. मातीची पाळ, पावसाळ्यानं काठोकाठ भरलेला तलाव, खाली झोपड्यांची वस्ती. पायथ्याशी ओल होती, थोडं पाणी झिरपत होतं. मी ते ओंजळीत घेतलं. निवळ होतं.

"मास्तर, पाळ पक्की आहे," मी सांगितलं. "मातीची पाळ थोडी झिरपतेच. पाणी गढूळ यायला लागलं तर मात्र आतून माती निघून चालली असं समजा."

मास्तरांनी ते कपडे धुणाऱ्या बायकांना सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वडिलांनी मला पाळ तपासायची रीत शिकवली होती. पायथ्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालायचं. गवताखालचं डोळ्याला दिसत नाही, तळपायाला लागतं. मी बूट काढले नाहीत. परक्या गावात, युनिफॉर्मवर, हवालदार अनवाणी कसा दिसेल, असं मनात आलं. पंचवीसेक पावलं गेलो आणि परत फिरलो.

दोन वाजून वीस मिनिटांनी आम्ही कॅम्पकडं निघालो. गाडी पाळीखालून जाताना देवराम ओरडला.

"थांबवा! दादा, ते पाहा. पानी चहावानी येऊन राह्यलं."

मी जिथवर गेलो नव्हतो, त्या टोकाला गवतातून मनगटाएवढी धार सुटली होती. मी सेट उचलला.

"कंट्रोल, ब्राव्हो टू. तालाब टूट रहा है. बस्ती खाली करा रहे हैं. ओव्हर."

"ब्राव्हो टू, कितना टाइम है? ओव्हर."

"पता नहीं. ओव्हर."

"रॉजर. गाडियाँ भेज रहे हैं. आउट."

मास्तर दारोदार ओरडत पळाले. आम्ही लेकरं, म्हातारे उचलून चर्चच्या उंच ओट्यावर नेले. धार मांडीएवढी झाली. एक म्हातारी शेळ्या सोडून निघेना. देवरामनं तिला पाठीवर घेतलं. ओट्याशी पोचून त्यानं तिला वर दिलं. लोकांनी तिला ओढून घेतलं. मी त्याच्यासाठी हात खाली केला, तेव्हा पाळ गेली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. देवराम दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. त्याच्याशिवाय दुसरं कुणी गेलं नाही.

स्टेटमेंटमध्ये प्रश्न होता, धोका कधी लक्षात आला? मी लिहिलं, चौदा वीस. ते खरंच होतं. साडेनऊबद्दल कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वेळेवर इशारा दिल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. मी ते घेतलं. त्याची लाज मला आजही वाटते.

रिटायर होऊन गोंदियाजवळ कुडव्याला घर केलं. फुलचूरला देवरामची बायको सुनंदा राहते. सणावाराला मी जायचो, चहा घ्यायचो, निघून यायचो. अशी सहा वर्षं गेली. शाळांमधून बोलावणं यायचं, तिथं मी देवरामची गोष्ट सांगायचो, चौदा वीसपासून. या वर्षी सुनंदाच्या लेकीच्या शाळेतून बोलावणं आलं. त्या पोरीसमोर ती गोष्ट अर्धी सांगायला माझी जीभ वळेना. मी फुलचूरला गेलो.

"वहिनी, एक सांगायचं होतं. त्या दिवशी सकाळीच मी पाळ पाहिली होती. पक्की हाये म्हनलं होतं."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"मले मालूम हाये, भाऊजी. दुपारी बाजारातून फोन आलता त्याहीचा. दादानं तलाव पाह्यला, पाळ पक्की हाये म्हनते, असं सांगत होते. लय खूश होते."

"मग इतके वर्ष बोलल्या काऊन नाही?"

"तुमी सांगान म्हनून वाट पाहून राह्यली होती."

एवढंच बोलून ती आत गेली आणि पाणी घेऊन आली. मी तिच्यासमोर रडलो. तिनं रडू दिलं.

परवा त्या शाळेत गेलो. लेक पहिल्या रांगेत बसली होती. नाईक देवराम, वय एकतीस, तीन वाजून दहा मिनिटांनी गेला. ती गोष्ट मी तिला साडेनऊपासून सांगितली.