पारूनं न घातलेला टाका

आमच्या गावात शिवणकाम म्हटलं की माझी बायको पारूच. फाटलेलं असं जोडती की शिवण हुडकायला चष्मा लागतो. अन् त्या दिवशी माझं फाटलेलं मनगट शिवायला तिनं साफ नकार दिला! असा राग आला म्हणून सांगू.

घरामागच्या फडात ऊस तोडताना कोयता निसटला अन् मनगटात शिरला. रक्त उसळ्या मारायला लागलं. शेजारचा गोकुळ हळद अन् तंबाखू घेऊन पळत आला. "वहिनी, हे भरा अन् मारा चार टाके!"

"कोयता मातीतला हाय. वरून शिवलं तर घाण आतच कोंडंल," पारू म्हणाली. आशाताईच्या शिबिरात शिकलेली ना ती! गोकुळला तिनं जीप आणायला पिटाळलं. कुणाच्या तरी लग्नाच्या ब्लाउजचं धुतलेलं अस्तर घडी करून जखमेवर ठेवलं, वर तळहात रोवला अन् माझा हात उंच धरला.

जीपनं गंगापूर मागं टाकलं तसं मला सगळं लांबलांब दिसायला लागलं. रस्त्याकडचा ऊस पाण्यावर तरंगत होता. मरून नऊ वर्षं झालेली माझी आई बांधावर कापूस येचत बसली होती. "दमलास का रं? ये, बस," म्हणाली. लई बरं वाटलं.

"पारू, जरा उचलून बघ की, थांबलं का."

"नाय. उचललं की पुन्हा सुटतं."

अस्तर भिजलं. ते न काढता तिनं वरून पदराची घडी दाबली. मी तिला नाय नाय त्या शिव्या दिल्या अन् आईकडं निघालो.

"कडुबा!"

बावीस वर्षांच्या संसारात उखाण्याशिवाय तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. अन् आता भर जीपमधी, चारचौघांत! "कडुबा, डोळे उघडा! कडुबा!" मी दचकून बघितलं. ती रडत होती, हात मात्र हलला नव्हता.

संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली, आतली तुटलेली शीर जोडली, मग टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. "वाटेत दाब सुटला असता तर हे पोचले नसते," म्हणाले. पारूची आखडलेली बोटं नर्सनं एकेक करून सरळ केली.

आता पुन्हा "अवो"च म्हणती. दुपारी मशीनच्या आवाजात मी मुद्दाम डोळे मिटून पडतो. हाक मारली तरी उठत नाय. वाटतं, घेईल नाव.

ती सुई माझ्या त्याच हातात देती. "सोंग पुरे. दोरा ओवा."


मी ओवतो.