वादळाआधी पोर्ट व्हिला गाठायचं होतं

बेटावरच्या लुगनविल गावातल्या इस्पितळातले सगळे संगणक लेविया सांभाळायची. इथल्या प्रत्येक रुग्णाच्या नोंदीची दुसरी प्रत लगोलग समुद्रापलीकडे, राजधानी पोर्ट व्हिलाच्या यंत्रात जावी, ही सोय तिनं साहेबांशी भांडून करून घेतली होती. "दोन्ही प्रती एकाच बेटावर ठेवल्या, तर वादळ एकाच फेरीत दोन्ही नेईल," असं ती ज्याला त्याला ऐकवायची.

चक्रीवादळाचा लाल इशारा आला त्या सकाळी तिनं संगणकाचा पडदा पाहिला. व्हिलाची प्रत कालपासून मागे पडली होती. इस्पितळाच्या एकुलत्या एका इंटरनेट लाइनवर जो तो फोनवरून वादळाचे व्हिडिओ बघत होता, नोंदींना वाटच मिळत नव्हती.

ती धावतच वॉर्डात शिरली. "फोन बंद करा सगळे! आत्ताच्या आत्ता!"

"अगं, माझा भाऊ बोलतोय सिडनीहून!" मेट्रन रोझलिन ओरडली.

"त्याला म्हणावं, वादळ गेल्यावर बोल. तुझ्या बाळंतिणींच्या नोंदी अडकल्यात इथे!"

"मला तरी हवामान बघू दे गं," डॉक्टर मोली म्हणाले.

"खिडकीतून बघा, डॉक्टर!"

वॉर्डभर हशा पिकला, पण फोन बंद झाले. छपराचे पत्रे थडथडू लागले, तसा पडद्यावरचा मागे राहिलेल्या नोंदींचा आकडा भराभर उतरू लागला. तो शून्यावर टेकला आणि लेवियानं रोझलिनला मिठीच मारली. थोड्याच वेळात वीज गेली, लाइनही तुटली.

वादळानं छप्पर उडवलं. यंत्रांच्या खोलीत गुडघाभर पाणी साचलं. दुसऱ्या दिवशी रुग्णांना चर्चच्या हॉलमध्ये हलवलं. लेवियानं पायऱ्यांवर उपग्रहाची डिश लावून व्हिलातलं यंत्र सांभाळणाऱ्या कालोरिपला गाठलं.

"कालोरिप, आता तुझीच प्रत खरी. कर चालू!"

"नक्की? मग तुमच्या यंत्राला कुणी विचारणार नाही हं."

"आमचं यंत्र खेकडे चालवतायत! कर रे बाबा!"

तेवढ्यात पत्र्यानं पाय कापलेल्या एका बाईला दोघांनी उचलून आणलं. ती बेशुद्ध होती. शेजाऱ्यांना तिचं नाव तेवढं ठाऊक होतं. डॉक्टर मोलींनी पेनिसिलिनची सुई भरली. लेवियानं मांडीवरच्या संगणकावर व्हिलाची प्रत उघडली. तिनं नाव टाकलं. पडदा क्षणभर कोराच राहिला, मग अक्षरं उमटली.

"थांबा, डॉक्टर! पेनिसिलिन चालत नाही तिला! मागे जिवावर बेतलं होतं!"

मोलींनी सुई बाजूला ठेवली. "रोझलिन, दुसरं औषध आण. पळ!"

दुपारी त्या बाईनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. हॉलभर टाळ्या पडल्या. लेवियाचा आवाज पार बसला होता, तरी ती हसत हसत पुढच्या रुग्णाला नाव विचारत होती.