क्वाकोला घरी आणणारं चौथं कलम

"मेल्या कागदांनीच माझं घर बुडवलं," फीबी कपडे पिळता पिळता म्हणायची. खोटं नव्हतं ते.

फीबी आणि तिचा नवरा क्वाको, दोघंही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं गुलामी बंद केली तेव्हा सुटलेली. क्वाको खलाशी. मासळीच्या एका बंदरगावात दोघं राहायला आली, तेव्हा रिवाजाप्रमाणे दारात नोटीस आली: गाव सोडा. सोडत कुणीच नसे. उद्या कंगाल झालात तर गावानं पोसायला नको, एवढ्यापुरता तो कागद, गोऱ्यांनाही मिळायचा. पण त्यावर क्वाकोचं नाव होतं, अधिकाऱ्याची सही होती. तो स्वतंत्र आहे हे दाखवायला घरात दुसरा कागद नव्हता. क्वाकोचं जहाज दक्षिणेला, जिथं गुलामी चालूच होती त्या कॅरोलायनाकडे निघालं, तेव्हा फीबीनंच तो त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवला.

"असू दे. कुणी अडवलं तर सही बघितली की गप बसतील."

कसले गप बसताहेत! तिकडच्या बंदरात क्वाकोला धरलं. कागद वाचून न्यायाधीश म्हणाला, याला तर याच्याच गावानं हाकललंय, हा भटका. आणि भाताच्या मळ्यावर विकून टाकला. जहाजावरच्या सोबत्यानं हे येऊन सांगितलं, तेव्हा फीबीनं कपाळ बडवून घेतलं. "माझ्या हातानं शिवला रे मी!"

ती गावच्या कारकुनाकडे, टारबॉक्सकडे गेली. नोटीस त्यानंच लिहिलेली. मान खाली घालून त्यानं अमेरिकेतल्या राज्यांनी आपसात केलेल्या कराराचं चौथं कलम वाचून दाखवलं: एका राज्यातल्या स्वतंत्र माणसाला प्रत्येक राज्यात नागरिकाचे सगळे हक्क. काळा-गोरा असा शब्दच नाही.

"फक्त कंगाल आणि भटके सोडून," तो पुटपुटला.

क्वाको भटका नाही, असं त्यानं न्यूयॉर्कला काँग्रेसला, म्हणजे सगळ्या राज्यांच्या सभेला लिहिलं. आठ महिन्यांनी उत्तर आलं: म्हणणं रास्त आहे, पण कॅरोलायनाला हुकूम देण्याचा अधिकार आम्हाला नाही. शिवाय बैठकीला पुरेशी राज्यंच जमत नाहीत.

"म्हणजे तोंड आहे, हात नाहीत," फीबी म्हणाली.

"असंच बाई."

मग एका खलाशाकडून क्वाकोचाच निरोप आला: कापणी झाली की पळतो. वाट बघ. फीबीच्या जिवात जीव आला. एकदा मॅसॅच्युसेट्सला पाय लागू दे, मग कोण हात लावतो ते बघू!

त्याच हिवाळ्यात बॉस्टनला मॅसॅच्युसेट्सच्या सभेनं, जुन्या कराराच्या जागी येणाऱ्या नव्या राज्यघटनेला होकार दिला. गावात घंटा वाजल्या. टारबॉक्स वर्तमानपत्र घेऊन धावतच आला.

"फीबी, आता हात असलेलं सरकार येतंय! कोर्टं, फौज, सगळं. कुठलं राज्य नाही म्हणतंय बघू!"

"त्यात आपलं चौथं कलम आहे का?"

"आहे तर! आणि कंगाल-भटक्यांची ती ओळही गेली. ऐक." तो मोठ्यानं वाचू लागला. नागरिकांचे हक्क झाले, आरोपींना परत पाठवणं झालं, आणि पुढच्या ओळीवर तो अडला.

"थांबलात का?"

"एका राज्यात कामाला बांधलेला माणूस, म्हणजे गुलामच, पळून दुसऱ्या राज्यात आला, तर..."

"तर काय, टारबॉक्ससाहेब?"

"मालकानं मागितल्यावर त्याला परत द्यायचं."

"कुठून? इथूनसुद्धा?"

"इथूनसुद्धा."

फीबीनं हात पुसले, शाल घेतली आणि धक्क्याकडे चालू लागली. दक्षिणेला जाणारं जहाज दुपारी सुटायचं होतं. तिनं त्याच खलाशाला गाठलं.

"क्वाकोला सांग," ती म्हणाली, "घरी येऊ नकोस."