डेलने न घेतलेलं वर्ष

मृणालचा फोन आला तेव्हा मी फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नच्या ऑफिसला जायला एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये बसलो होतो. "दादा, डेल गेला. पहाटे, झोपेतच," एवढं म्हणून तिने फोन ठेवला. मृणाल माझी आतेबहीण, आणि डेल तिचा नवरा. अमेरिकेत नऊ हंगाम व्यावसायिक बेसबॉल खेळलेला पिचर. त्याच दिवशी दुपारी फ्रँकफर्टमधल्या एका परिचितांचा फोन आला. फार वाईट झालं, असं दोनदा म्हणून ते थांबले... आणि मग म्हणाले, "बरं, ठेवून किती गेला?" गेल्या सहा आठवड्यांत हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. आकडा या लेखात नाही. शोधू नये.

पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. टप्पा नाही, लांब धावत येणं नाही. एका जागी उभं राहून खांद्याच्या जोरावर तो फेकायचा, एका सामन्यात शंभरेक वेळा. नवव्या हंगामात डेलच्या उजव्या खांद्याचा स्नायू फाटला. शस्त्रक्रिया झाली, पण वेग परत आला नाही. कराराचं एक वर्ष शिल्लक होतं, आणि त्या खेळात एकदा करार झाला की जखमी खेळाडूलाही पूर्ण पैसे मिळतात. डेलने ते वर्ष घेतलं नाही. निवृत्तीच्या कागदावर सही करून तो हायडेलबर्गला बहिणीकडे आला. ती तिथल्या अमेरिकी लष्करी तळावरच्या शाळेत शिकवायची. मृणाल तेव्हा तिथेच खांद्याच्या हालचालींवर पीएचडी करत होती आणि तिला तपासायला दुखावलेले खांदे हवे होते. "इतका वाईट खांदा दुसरा मिळाला नाही," असं ती स्वतःच्या लग्नात प्रत्येक टेबलाशी जाऊन सांगत होती.

हायडेलबर्गजवळच्या वाल्डॉर्फमध्ये त्यांनी एक ओळघर घेतलं, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असलेलं. मिळकतीतला मोठा भाग करात आणि एजंटकडे गेला होता, काही एका मित्राच्या रेस्टॉरंटमध्ये बुडाला होता. उरलं त्यात हे घर आलं आणि कर्ज घ्यावं लागलं नाही. डेल हे कुणालाही सरळ सांगायचा. आपल्या लोकांना ते पटत नसे. एक तर तो कंगाल असावा किंवा त्याने कुठेतरी घबाड दडवलेलं असावं. मधलं काही कुणाला मान्य नव्हतं. तो मराठी शिकला ते मृणालच्या आईकडून, म्हणजे माझ्या आत्याकडून. ती जावयाला 'अहो' म्हणायची, म्हणून हाही सगळ्यांना 'अहो' म्हणायचा. सायकलच्या आड आलेल्या मांजरालाही, "अहो, सरका."

जर्मनीने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला त्या उन्हाळ्यात आमच्या रविवारच्या क्रिकेटला मी त्याला घेऊन गेलो. दोन्ही संघ मराठी इंजिनिअरांचे, पंच कुलकर्णीकाका. लाखोंनी मिळवलेला हात बघायचा म्हणून सगळ्यांनी चेंडू त्याच्याकडे दिला. त्याने जागेवरून फेकला. नो-बॉल. पुन्हा फेकला, पुन्हा नो-बॉल.

"डेल, कोपर वाकतंय," काका म्हणाले.

"हो काका. वाकायलाच पाहिजे."

"आमच्यात चालत नाही."

"मग तुमच्यात राहू दे," असं म्हणून हसत त्याने चेंडू परत दिला आणि सीमारेषेवर जाऊन उभा राहिला. हात सरळ ठेवून टाक, असं सगळे सुचवत होते. त्याने ते मनावर घेतलं नाही. पुढच्या षटकात चेंडू त्याच्याकडे गेला. तिथून त्याने तो थेट यष्टीवर मारला, टप्पा न पडता. सगळे त्याच्याकडे धावले. मी चहाचा कप नेऊन दिला तेव्हा त्याने तो डाव्या हाताने घेतला. उजवा हात मांडीला चिकटवून ठेवला होता आणि बोटं थरथरत होती. "कुणाला सांगू नका," तो म्हणाला. मी सांगितलं नाही.

पुढच्याच महिन्यात मी एका मराठी पुरवणीत त्याच्यावर लेख लिहिला. सोडलेली रक्कम रुपयांत करून मथळ्यात घातली. लेख व्हॉट्सअॅपवर फिरला. मृणालने तो त्याला वाचून दाखवला. नंतर भेटल्यावर तो म्हणाला, "दादा, मी काय सोडलं ते तुम्ही लिहिलंत. का सोडलं ते कुठे आहे?"

"वाचकाला आकडा लागतो."

"मग बँकेचं पासबुक छापा."

तो चिडला नव्हता. चूक माझी होती आणि ती मी दुरुस्त केली नाही. लेखात खांद्याबद्दल एक ओळही नव्हती, त्यामुळे लोकांनी कारण स्वतःच भरलं. खरं तर त्याला हाकललं असणार. कोणी स्वतःहून सोडतं का?

अंत्यसंस्कारानंतर वाल्डॉर्फच्या घरी लोक जमले, तेव्हा कुलकर्णीकाकांनी हेच काढलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी पाठदुखीची क्रांकश्राइबुंग, म्हणजे डॉक्टरची रजाचिठ्ठी, काका महिन्यामागून महिना ऑफिसला पाठवत होते. ते स्वतःच अभिमानाने सांगतात. "वर्षभर नुसतं बसायचं होतं," ते म्हणाले. "कोण उठवणार होतं त्याला?"

"काका, बसायचं नव्हतं," मृणाल म्हणाली. "रोज कपडे करून मैदानावर जायचं आणि उद्या फेकीन असं सांगायचं. फेकता येणार नाही हे त्याला माहीत होतं. ते खोटं त्याला बोलायचं नव्हतं. चहा घ्या."

काकांनी चहा घेतला. मृणाल आणि डेलची मुलगी इरा सतरा वर्षांची आहे. तिला मराठी समजतं, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. ती माझ्यामागून स्वयंपाकघरात आली आणि दार लावून घेतलं. बाबांना काढून टाकलं होतं का, एवढंच तिला विचारायचं होतं. शाळेतल्या एका मराठी मुलीने तिला तसं ऐकवलं होतं, आणि पुरावा म्हणून माझा लेख दाखवला होता. मी तिला चहाच्या कपाबद्दल सांगितलं. "हे तू का नाही लिहिलंस?" तिने जर्मनमध्ये विचारलं. त्याने मनाई केली होती, हे उत्तर मी दिलं नाही. त्याने फक्त थरथरणारी बोटं लपवायला सांगितली होती. सोडण्याचं कारण त्याने लपवलं नव्हतं; ते मी गाळलं होतं, मथळा त्याशिवाय जास्त चांगला दिसत होता म्हणून. तेही तिला सांगितलं. "आता लिही," ती म्हणाली.

म्हणून लिहितो आहे. डेलला कुणीही काढलं नव्हतं. त्याचा हात गेला होता आणि तसं त्याने तोंडाने सांगितलं.

गेल्या शनिवारी मी वाल्डॉर्फच्या मैदानावर गेलो. डेल तिथे बारा वर्षांखालच्या मुलामुलींना बेसबॉल शिकवायचा. आता इरा शिकवते. त्या दिवशी त्यांचा सामना होता आणि आमचा, म्हणजे इराचा संघ पुढे होता. फेकणाऱ्या मुलीने मध्येच हात वर केला आणि म्हणाली, खांदा दुखतोय. सगळा संघ उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. ही डेलची पद्धत आहे, इराने मला नंतर सांगितलं: दुखतंय असं सांगणाऱ्यासाठी उठून टाळ्या वाजवायच्या, सामना कुठेही असो. मुलीचे वडील कुंपणाशी आले. अजून तीनच चेंडू, जिंकतोय आपण, असं म्हणाले. "गेनाऊ, तेच तर," इरा म्हणाली, "जिंकत असतानाच सांगणं अवघड असतं," आणि मुलीला बाहेर घेतलं.

आम्ही सामना हरलो. इराने खडू घेतला आणि निकाल फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहिला, रस्त्यावरून दिसेल असा.