विषाणू अजून आहे का?

डॉक्टरांनी दिलेली सहा महिन्यांची मुदत संपली, तरी मी आणखी तीन आठवडे काढले. ऑफिसात काम आहे, पाळी जवळ आली आहे, अशी कारणं मीच मला सांगत होते. खरं म्हणजे मला ती तपासणी करायचीच नव्हती.

सहा महिन्यांपूर्वी माझ्या गर्भाशयाच्या मुखावरच्या बदललेल्या पेशींचा भाग काढला होता. "कॅन्सर नाही, पण तसंच सोडलं असतं तर पुढे होऊ शकला असता," हडपसरच्या आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. हे बदल एका विषाणूमुळे होतात. तो गेला की अजून आहे, ते आता बघायचं होतं. तो शारीरिक संबंधांतून येतो, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. त्या दिवशी घरी येताना सिग्नलला गाडी थांबली आणि नवऱ्याने मागे न बघता विचारलं, "मग तुला तो आला कुठून?"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्याने परत कधी विचारलं नाही, पण तो प्रश्न माझ्या मनातून हलला नाही. घरात आम्ही मुलीच्या अभ्यासाबद्दल बोलायचो, भाजी काय आणायची ते बोलायचो. बस.

शेवटी दवाखान्यातूनच फोन आला. नवऱ्याने सुट्टी टाकली. "मी येतो," म्हणाला. मला तो बरोबर नको होता, पण तसं म्हणायचंही त्राण नव्हतं.

डॉक्टरबाईंनी कागद पाहिला. "तीन आठवडे उशीर. घाबरलात?"

"हो."

"घाबरा, पण वेळेवर या."

नमुना घ्यायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पडद्यामागे सलवारीची नाडी बांधत होते, तेवढ्यात बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. "डॉक्टर, हा माझ्याकडून आलेला असू शकतो का?"

"असू शकतो. लग्नाआधीचाही असू शकतो, तुमचा किंवा त्यांचा. वर्षानुवर्षं गुपचूप राहतो तो. कुणाकडून आला, हे कुठलीच तपासणी सांगत नाही. तेव्हा भांडायचं असेल तर दुसरा विषय शोधा."

मी तिथेच उभी राहिले. गाठ बसेना.

पार्किंगमध्ये तो म्हणाला, "मी तेव्हा तसं विचारायला नको होतं."

"नकोच होतं," मी म्हणाले. रडू येत होतं, रागही येत होता.

रिपोर्टला आठवडा लागणार होता. फोन वाजला की आधी नंबर बघायचे. परत ते टेबल, परत ती भूल, की या वेळी पिशवीच काढायला सांगतील? मुलगी अजून तिसरीत होती. एकदा भाताला दोनदा मीठ घातलं, दोघांनी तसाच खाल्ला.

सहाव्या दिवशी खराडीच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना फोनवर रिपोर्ट आला. मी जिन्यात गेले. फाईल उघडली आणि आधी नाव वाचलं, मग वय, मग पुन्हा नाव. खाली लिहिलं होतं, विषाणू आढळला नाही. दुसऱ्याच कुणाचा तर नाही ना, म्हणून तिसऱ्यांदा नाव वाचलं.

डॉक्टरबाईंना फोन केला. "छान झालं," त्या म्हणाल्या. "पण तपासण्या सुटल्या नाहीत हं. सांगेन तेव्हा यायचं." नवऱ्याला कळवलं, तर त्याने रिपोर्ट मला दोनदा वाचायला लावला.

मग जिन्यातच बसून मी वर्ध्याला आईला फोन लावला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगितलं.

"मले काऊन नाही सांगितलं गं?" ती म्हणाली. आणि लगेच, "पुढची तपासणी कवा हाये? मी येतो."