दहा तेत्रीची देवी

देव अर्धेच घासून झाले होते. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा फडक्यावर वाळत होते, घंटा चिंचेच्या पाण्यात होती, आणि सुगंधाच्या हातात जॉर्जियाचं दहा तेत्रीचं नाणं होतं. श्रावणापासून त्यावर कुंकवाचा थर बसला होता. तो आज सुटला आणि सिंहावरच्या देवीच्या हातात क्रूस दिसला.

वादी कबीर या आखाती वस्तीतल्या मराठी बायकांत सुगंधाचा शब्द चालायचा. घट कसा बसवायचा, उपास कधी सोडायचा, सगळं तिलाच फोन करून विचारत. म्हणून तर सहली नेणाऱ्या जयप्रकाशनं जॉर्जियाहून येताच तिचंच दार वाजवलं होतं. नाण्याच्या एका बाजूला सिंहवाहिनी, दुसऱ्या बाजूला सुदर्शन. तिथल्या डोंगरात आपल्या देवीचं जुनं ठाणं आहे, असं त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं. सुगंधानं त्यानं आणलेली मूठभर नाणी हळदीकुंकवाला स्वतःच्या हातानं वाटली, आणि त्याची दिवाळीची तिकडची सहल तिथल्या तिथे भरली.

लेकीनं, ज्ञानदानं, फोनवर शोधून पाहिलं. "आई, हा सेंट मामास आहे. त्यांचा संत, लायनवर बसतो. आणि मागे चक्र नाही, त्यांचा नॅशनल सूर्य आहे."

सुगंधानं जयप्रकाशला फोन लावला. तो हसलाच.

"वहिनी, गाइडनं मला तेव्हाच सांगितलं होतं. पण सिंह आहे ना? बायकांना तेवढं पुरतं. देव काय, सगळे एकच."

"एकच, तर मग खरं नाव का नाही सांगितलंत, भावोजी?"

त्यावर तो म्हणाला, आता खलास करा विषय, बोललात तर तुम्हालाच कुणी विचारणार नाही.

ते खरंच होतं, आणि म्हणूनच तिला शिसारी आली. संताची नव्हे; तो बिचारा आपल्या मुलखात आपल्या सिंहावर बसला होता, त्याला न विचारता आपणच कुंकू थापलं. शिसारी आली ती त्या हसण्याची, आणि देवाचं नाव घेऊन तिकिटं खपवणाऱ्या त्या तोंडाची. तिनं फोन ठेवला. हात साबणानं धुतले, तरी घाण वाटतच राहिली.

नाणं साध्या पाण्यानं धुऊन तिनं देवांपासून वेगळं ठेवलं. हळदीकुंकवाला आलेल्या रेखाला सातवा महिना होता. सुगंधाच्या शब्दावर आपल्या वाटणीचं नाणं तिनं देवी म्हणून गळ्यात घातलं होतं.

घंटा घासायला ज्ञानदाला सांगून सुगंधा टॅक्सीनं अल् खुवैरला रेखाच्या घरी निघाली, तिला खरं सांगायला.